गावात बसून सबटायटलचं आणि डबिंग-स्क्रिप्टचं काम: विदर्भातल्या नवशिक्यांसाठी

परदेशी मालिका मराठीत येते तेव्हा ती अनेक हातांतून येते. एक जण संवाद ऐकून लिहून काढतो, दुसरा त्यांना वेळ लावतो, तिसरा भाषांतर करतो, चौथा तपासतो. डबिंग असेल तर संवादलेखक, डबिंग दिग्दर्शक, आवाज देणारे आणि मिक्सिंग करणारा असे आणखी काही जण लागतात. ही साखळी चालवणारी ती लोकलायझेशन कंपनी. आवाजाचं काम मुख्यतः मुंबईत, स्टुडिओत होतं. लिहिण्याची आणि तपासण्याची कामं मात्र घाटंजी किंवा सिंदेवाहीतूनही करता येतात: सबटायटलचं भाषांतर, संवाद उतरवून काढणं, मशीनने केलेलं भाषांतर दुरुस्त करणं, डबिंगची स्क्रिप्ट, तपासणी.

इंग्रजी यायला हवं, हे उघड आहे. पण नवे लोक इंग्रजीत कमी आणि मराठीत जास्त मार खातात. अर्थ बरोबर असतो, वाक्य दीड सेकंदात बसत नाही. किंवा कंपनीचं नियमपत्रक वाचलेलंच नसतं.

सामान, नेट, वीज

८ जीबी रॅमचा साधा लॅपटॉप पुरतो. हेडफोन वायरचाच घ्या. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा पोचतो आणि तुम्ही लावलेली प्रत्येक वेळ तेवढ्याने चुकते. चूक सगळीकडे सारखी असल्यामुळे तुमची तुम्हाला दिसतही नाही.

नेटचा खर्च उतरवून घेण्यात आहे, पाठवण्यात नाही. ४५ मिनिटांच्या भागाचा हलका व्हिडिओ काही शे एमबीचा असतो, पण तुमची सबटायटलची फाइल १०० केबीच्या आसपास. म्हणून व्हिडिओ रात्री किंवा पहाटे उतरवून ठेवा. फाइल पाठवायला मोबाइलचा एखादा टॉवर मिळाला तरी भागतं. ऑनलाइन टूलमध्येच काम करायला लावणाऱ्या कंपन्यांचं गणित वेगळं. तिथे नेट गेलं की काम थांबतं, त्यामुळे दोन वेगळ्या कंपन्यांची सिमं हाताशी ठेवा.

घर गावठाणात असेल तर वीज बऱ्यापैकी टिकते. वावरातलं घर शेतीपंपाच्या फीडरवर असेल तर वीज पाळीने येते, आणि ती पाळी बघूनच काम घ्यावं. पंप सुरू व्हायच्या वेळी व्होल्टेज पडतं. लॅपटॉपला बॅटरी असते म्हणून तो वाचतो, राउटर बंद पडतो. राउटरपुरता छोटा यूपीएस हा या धंद्यातला सर्वांत सार्थकी लागणारा खर्च.

आधी टायपिंगचा घोळ मिटवा

तालुक्याच्या टायपिंग क्लासमध्ये शिकलेली बोटं चांगली चालतात, पण अनेकांची सवय कृतिदेव किंवा श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टची असते. सबटायटलच्या फाइलला युनिकोडच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये लिहिलेलं दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. बोटांना रेमिंग्टनची, म्हणजे जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची, सवय असेल तर ती मांडणी युनिकोडमध्येही मिळते. फॉन्ट सोडा, बोटं बदलू नका. कोरी पाटी असेल तर इनस्क्रिप्ट ही युनिकोडची कीबोर्ड-मांडणी शिका.

युनिकोडमध्ये लिहूनही दोन ठिकाणी हमखास घसरगुंडी होते. पहिलं, ‘शेतकऱ्याला’मधला ऱ्य. तो दोन प्रकारे तयार होतो: ऱ, हलन्त आणि य, किंवा र, हलन्त, मध्ये एक अदृश्य जोडखूण आणि य. डोळ्यांना फरक दिसत नाही, कॉम्प्युटरला हे दोन वेगळे शब्द वाटतात. एका भागात एक आणि दुसऱ्यात दुसरा वापरला, तर शब्द शोधून बदलताना अर्धे शब्द जागचे हलत नाहीत. दुसरं, ‘ॲ’. हे एक स्वतंत्र अक्षर आहे, आणि ‘अ’वर चंद्र देऊनही तसंच दिसणारं अक्षर बनतं. राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवलेल्या वर्णमालेत ‘ॲ’ला जागा आहे, तेच वापरा, आणि पहिल्या दिवसापासून एकच ठेवा.

तिसरी चूक सगळ्यांत विनोदी, आणि पूर्ण फाइल बाद करणारी. एसआरटी नावाच्या साध्या फाइलमध्ये प्रत्येक सबटायटलचे चार भाग असतात: क्रमांक, सुरुवातीची आणि शेवटाची वेळ, मजकूर, आणि एक रिकामी ओळ. मराठी कीबोर्ड चालू राहिला आणि वेळेच्या ओळीत देवनागरी आकडे पडले, तर प्लेअरला ती वेळच कळत नाही. वेळेच्या ओळीतले आकडे इंग्रजीच हवेत. मजकुरातले कोणते, ते नियमपत्रक सांगतं. फाइल सेव्ह करताना एन्कोडिंग यूटीएफ-८ निवडा, नाहीतर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं उरतात.

पाच मिनिटांचा सराव

‘सबटायटल एडिट’ हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि शिकायला पुरेसं आहे. दोन-तीन माणसं बोलतायत असा पाच मिनिटांचा इंग्रजी व्हिडिओ घ्या, मुलाखत असली तर उत्तम. काम सुरू करण्याआधी सेटिंगमध्ये मर्यादा भरून ठेवा, म्हणजे चुकलं की ओळ रंगून दिसेल. सुरुवातीला हे आकडे धरा: एका ओळीत जास्तीत जास्त ४२ अक्षरं, एका वेळी दोनच ओळी, पडद्यावर कमीत कमी पाऊण सेकंदाहून थोडं जास्त म्हणजे ८३३ मिलिसेकंद, जास्तीत जास्त ७ सेकंद, आणि दोन सबटायटलमध्ये किमान दोन फ्रेमचं (फ्रेम म्हणजे व्हिडिओतलं एकेक स्थिर चित्र) अंतर, म्हणजे सुमारे ८३ मिलिसेकंद. खरं काम मिळाल्यावर त्या कंपनीचे आकडे भरायचे.

मग क्रम असा. व्हिडिओ पूर्ण एकदा नुसता बघा, हात न लावता. आवाजाची लहर उघडा, वाक्य सुरू होतं तिथे सुरुवात लावा. दृश्य बदलतं तिथे सबटायटल संपवायचा प्रयत्न करा, कारण कटच्या पलीकडे राहिलेली ओळ डोळा कधीकधी पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागतो. भाषांतर यानंतर. वेळ लावता लावता भाषांतर करणाऱ्याचं दोन्ही बिघडतं.

आता खरी कुस्ती. ‘अक्षर’ म्हणजे कॉम्प्युटर काय मोजतो ते समजून घ्या. ‘कर्तृत्व’ म्हणताना आपण क, र्तृ, त्व अशी तीन अक्षरं मोजतो. कॉम्प्युटर क, र, हलन्त, त, ऋकाराची खूण, त, हलन्त, व अशी आठ मोजतो. म्हणून जोडाक्षरांनी भरलेलं मराठी दिसायला आखूड आणि मोजायला लांब असतं. ‘प्रयत्न केला’पेक्षा ‘धडपडलो’ बरा पडतो, तो याचमुळे.

समजा, संवाद आहे ‘आय टोल्ड यू नॉट टू कम हिअर’, वेळ दीड सेकंद, आणि वाचण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला २२ अक्षरं. म्हणजे तुमच्याकडे ३३ अक्षरं आहेत. ‘मी तुला सांगितलं होतं की इथे येऊ नकोस.’ जागा आणि पूर्णविराम धरून हे ३८ भरतं, सेकंदाला २५. बाद. ‘इथे येऊ नको म्हटलं होतं ना!’ हे २७, सेकंदाला १८. बसलं, आणि बोलल्यासारखंही वाटतं. ‘मी’ आणि ‘तुला’ गेले तरी काही बिघडलं नाही, मराठीत क्रियापदावरून आणि प्रसंगावरून ते कळतात. इंग्रजीतली सर्वनामं एकेक करून मराठीत आणणं हे नवख्याचं लक्षण.

ओळ तोडताना क्रियापदाची जोडी फोडू नका: ‘करून’ वर आणि ‘टाकलं’ खाली, असं नको. विशेषण आणि नामही शक्यतो एकत्र ठेवा.

वेळ जुळत नसेल तर आधी बिघाड कसा आहे ते बघा. सुरुवातीला बरोबर आणि पुढे पुढे सरकत जातं, तर फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, तो चुकलाय. २३.९७६ फ्रेमची फाइल २५ च्या व्हिडिओवर लावली की तासाभरात अडीच मिनिटांचा फरक पडतो. २४ च्या व्हिडिओवर लावली तर तासाला साडेतीन सेकंदांच्या आसपास. पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखाच फरक असेल तर सुरुवातीची वेळ चुकलीय. टीव्हीसाठीच्या व्हिडिओची घड्याळं अनेकदा शून्याऐवजी एक तासापासून सुरू होतात, त्यामुळे सगळं नेमकं एका तासाने पुढे गेलेलं दिसतं. अशा वेळी एकेक ओळ हाताने सरकवत बसू नका. दोन्ही दुरुस्त्या सॉफ्टवेअर एका फटक्यात करतं.

आपली मराठी कुठे नडते, कुठे तारते

पडद्यावरची मराठी प्रमाण असावी, अशी बहुतेक कंपन्यांची अपेक्षा असते, आणि आपल्याकडच्या बोलण्यातल्या काही गोष्टी इतक्या अंगवळणी पडलेल्या असतात की त्या चुका म्हणून दिसतच नाहीत. ‘तो जेवून राहिला’ तपासणीत परत येतं. ‘तो जेवतोय’ लिहा. बाईच्या तोंडी ‘मी आली’ आपल्याला सहज वाटतं, प्रमाण रूप ‘मी आले’. वस्तू ‘भेटत’ नाही, ‘मिळते’, माणूस भेटतो. ‘त्याला सांगून दिलं’ ही हिंदीची सावली, ‘सांगितलं’ पुरे. ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ हे तर लिहिताना आपण सांभाळतोच, पण वरच्या चार जागा सांभाळायला कागदावर लिहून भिंतीला लावाव्या लागतात. ऱ्हस्व-दीर्घासाठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १८ नियम जवळ ठेवा. आणि ‘केले’ लिहायचं की ‘केलं’, हे पहिल्या ओळीआधी ठरवा. संवादात ‘केलं’, पडद्यावरच्या पाटीत किंवा पत्रात ‘केले’, अशी वाटणी सोयीची पडते.

याचा अर्थ वऱ्हाडी किंवा झाडीबोली कुचकामी, असा नाही. उलट्या दिशेच्या कामात, म्हणजे मराठी कार्यक्रमाचे संवाद उतरवून त्यांची इंग्रजी सबटायटलं करताना, वऱ्हाडी पात्र बोलायला लागलं की मुंबई-पुण्याचा उतरवणारा अडकतो. ‘कायले’ म्हणजे कशाला, ‘वावर’ म्हणजे शेत, हे त्याला शोधावं लागतं. अर्ज करताना बोलींचा रकाना रिकामा सोडू नका. वऱ्हाडी, झाडीबोली, गोंडी, कोरकू, बंजारा यांतलं जे खरंच कळतं ते लिहा, आणि नुसतं कळतं की लिहिताही येतं, तेही लिहा.

एक मत मात्र ठामपणे मांडायला हवं. परदेशी मालिकेत शेतकरी, नोकर किंवा वेंधळं पात्र दिसलं की त्याला वऱ्हाडी बोलायला लावणं हा स्वस्तातला विनोद आहे. मूळ पात्राची बोली वेगळी असेल आणि दिग्दर्शकाने मागितली असेल तरच ती वापरा, आणि मग शेवटपर्यंत एकसारखी ठेवा. पहिल्या भागात ‘मले’ आणि चौथ्यात ‘मला’ असं झालं तर तो चुकलेला भाषांतरकार वाटतो, पात्र नव्हे.

तू, तुम्ही आणि नात्यांचा तक्ता

इंग्रजीत ‘यू’ एकच. मराठीत प्रत्येक जोडीसाठी निर्णय लागतो, आणि मालिकेचे भाग चार जणांत वाटलेले असतात. म्हणून कंपन्या दोन तक्ते ठेवतात: एक नावं आणि ठरावीक शब्दप्रयोगांचा (त्याला के-एन-पी म्हणतात), दुसरा कोण कोणाला काय म्हणतो याचा. कंपनीने दिला नाही तर स्वतः करा. डावीकडे बोलणारा, वर ऐकणारा, चौकटीत तू किंवा तुम्ही. नातं मध्येच बदललं, साहेब आणि हाताखालची बाई ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आली, तर भाग आणि वेळ दोन्ही लिहा.

‘अंकल’ दिसला की लगेच ‘काका’ लिहू नका. तो आईचा भाऊ निघाला तर सहाव्या भागात मामा करावा लागेल आणि मागचे पाच भाग उघडावे लागतील. ‘आन्ट’चं तर आत्या, मावशी, काकू, मामी असं चौपदरी आहे. पुढचे भाग मिळालेले नसतील तर कंपनीच्या समन्वयकाला लेखी विचारा. विचारणाऱ्याला कोणी कमी लेखत नाही. अंदाजाने लिहिणाऱ्याची फाइल परत येते.

मशीनने केलेलं भाषांतर दुरुस्त करायचं काम आलं तर पहिली नजर इथेच टाका. मशीन एकाच प्रसंगात तू आणि तुम्ही मिसळतं, आणि बाईच्या तोंडी ‘मी गेलो’ घालतं, कारण इंग्रजी क्रियापदात लिंग नसतं. वाक्यरचना गुळगुळीत असते म्हणून डोळा फसतो. व्हिडिओ न बघता नुसता मजकूर तपासायला घेऊच नका. दर कमी असतो, पण सगळं पुन्हा लिहावं लागत असेल तर वेळ नव्या भाषांतराइतकाच जातो. पहिली १०० सबटायटलं दुरुस्त करून वेळ मोजा आणि त्यावरून दर मान्य करा किंवा नाकारा.

डबिंगची स्क्रिप्ट

इथे वाचण्याचा वेग नाही, तोंड मोजायचं असतं. मूळ वाक्याइतकंच लांब, जिथे तो थांबतो तिथेच थांबणारं, आणि चेहरा जवळून दिसत असेल तर ओठ मिटतात तिथे प, ब, म येणारं वाक्य हवं. ‘स्टॉप’ला ‘थांब’ सुरेख बसतं, दोन्हीकडे शेवटी ओठ मिटतात. ‘थांबा’ केलं की तोंड उघडं राहतं. म्हणजे आदराचा तक्ता आणि ओठ इथे भांडतात. चेहरा जवळ असेल तर ‘थांबा’ टाळून दुसरं काही शोधा, पाठमोरा असेल तर खुशाल ‘थांबा’ लिहा. ‘मॉम’ला ‘आई’ ओठांवर बसत नाही, ‘मम्मी’ बसतं. ‘माय’ही ओठांना चालेल, पण मग अमेरिकेतली पोरगी दर्यापूरची वाटायला लागते.

मराठी क्रियापद शेवटी येतं, इंग्रजी क्रियापद बहुतेकदा वाक्याच्या मध्ये. पात्र ज्या शब्दाला हात आपटतं त्याच जागी तुमचा जोराचा शब्द यायला हवा, मग ‘मी हे करणार नाही’चं ‘नाही करणार मी हे’ झालं तरी चालतं. लिहिलेलं प्रत्येक वाक्य व्हिडिओचा आवाज बंद करून मोठ्याने म्हणून बघा. हसणं, धाप, हुंकार, गर्दीतली कुजबूज हेही वेळेसकट लिहायचं असतं. ते सुटलं तर स्टुडिओत कलाकार बसलेला असतो आणि ओळच नसते.

आवाज द्यायचा असेल तर घरून फक्त नमुने पाठवता येतात, असंच धरून चला. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल मागतात. एका मिनिटाला साडेआठ एमबीहून थोडं जास्त भरतं. उन्हाळ्यात कूलर बंद करावाच लागतो, आणि टिनाच्या छपराखाली पावसात रेकॉर्डिंग होत नाही. रात्री अकरानंतर, गोधड्या टांगलेल्या आतल्या खोलीत, माइकपासून वीतभर अंतरावर बसा. झाडीपट्टीच्या रंगभूमीवर काम केलेल्यांनी एवढं सांभाळावं: शेवटच्या रांगेपर्यंत फेकायचा आवाज माइकला फाटका ऐकू येतो. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

टेस्ट, गुप्तता, पैसे

कंपनी पाच-दहा मिनिटांची टेस्ट देते, ती बहुधा बिनपैशाची असते. ४० मिनिटांचा पूर्ण भाग ‘टेस्ट’ म्हणून आला तर ते काम आहे, पैसे मागा. उलट काम देण्याआधी नोंदणी फी किंवा डिपॉझिट मागणारा कोणीही असो, तिथे थांबा.

गुप्ततेचा करार म्हणजे नुसती सही नाही. व्हिडिओवर तुमच्या नावाचा शिक्का असतो. अजून प्रसिद्ध न झालेला भाग सेतू केंद्राच्या कॉम्प्युटरवर उघडणं, खाटेवर बसून घरच्यांना दाखवणं, शंका विचारायला व्हॉट्सॲपवर फोटो टाकणं, हे सगळं कराराचा भंग आहे. काम संपल्यावर व्हिडिओ पुसा.

दर कार्यक्रमाच्या मिनिटाला मिळतो, तुमच्या तासाला नाही. नवख्याला ४५ मिनिटांच्या भागाला दोन पूर्ण दिवस सहज लागतात, हे धरून दराला ४५ ने गुणा आणि दोनाने भागा. रोज किती पडतो ते कळेल. तपासणीनंतरच्या दुरुस्त्या फुकट करायच्या असतात, त्यांचा वेळही यातच धरा. मुदत कोणत्या घड्याळाने, हे विचारून घ्या. लॉस एंजेलिसचे संध्याकाळचे सहा म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात.

पॅन आधीच द्या. तो नसेल तर टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापला जाणारा कर, २० टक्क्यांनी कापला जाऊ शकतो. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती काम घेण्याआधी करून ठेवा. नोंदणी असली की छोट्या उद्योगांसाठीच्या २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे भारतीय कंपनीला लेखी करार असला तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त पैसे लांबवता येत नाहीत. बिलावर उद्यम क्रमांक, मालिकेचं कंपनीने दिलेलं सांकेतिक नाव, भाग, मिनिटं, दर आणि फाइल पाठवल्याची तारीख लिहा. मालिकेचं खरं नाव बिलावर नको, तेही गुप्ततेतच मोडतं.